शर्यतीचा पैसा संस्थेच्या दारात कसा पोचतो

सामाजिक कामासाठी भरवलेल्या शर्यतीत नाव नोंदवताना तुम्ही जे शुल्क भरता, त्यातलं संस्थेला किती मिळतं? बहुतेकांच्या मनातलं उत्तर असतं, 'बरंचसं'. प्रत्यक्षात ते पुष्कळदा 'फारसं काही नाही' असं निघतं. यात कुणी लबाडी केलेली असतेच असं नाही. शर्यत भरवणं हेच मुळात खर्चिक काम आहे आणि तुमचं शुल्क आधी तो खर्च भागवतं. तरीही अशा शर्यतींच्या जोरावर आसपासच्या छोट्या संस्थांची कामं चालतात, हेही खरं आहे. मग हा पैसा येतो कुठून, मध्ये कुठे गळतो आणि संस्थेला त्याचा नेमका उपयोग काय होतो, ते एकदा उलगडून पाहू.

शुल्काचं गणित

आधी खर्च. रस्ता बंद ठेवायचा तर परवानगी लागते, वाहतूक वळवायला माणसं लागतात. रुग्णवाहिका लागते, डॉक्टर लागतात, विमा उतरवावा लागतो. कठडे, कमान, ध्वनिक्षेपक, तात्पुरती स्वच्छतागृहं, मार्गाचं अंतर मोजून घेणं, दुसऱ्या दिवशी रस्ता झाडून देणं. हा सगळा खर्च पाचशे माणसं आली काय आणि हजार आली काय, जवळपास तेवढाच राहतो. याला आपण स्थिर खर्च म्हणू. दुसरा खर्च माणसागणिक वाढत जातो: बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद), वेळ मोजणारी चिप, पाणी, पदक, टी-शर्ट.

आता आकडे धरून बघू. चलन कुठलंही समजा. शुल्क माणशी १०. त्यातले ६ त्याच माणसाच्या बिब, पाणी, पदक, टी-शर्टात गेले. उरले ४. स्थिर खर्च २,००० धरा. म्हणजे पहिले ५०० धावपटू फक्त शर्यत उभी करतात. त्यांच्या पैशातून संस्थेला छदामही जात नाही. पाचशे-एकाव्या धावपटूपासून माणशी ४ शिल्लक पडायला सुरुवात होते. ६०० जण आले तर संस्थेच्या हाती ४००. ४०० जणच आले तर उलट ४०० चा तोटा, तो आयोजकांच्या खिशातून. आणि हजार जण आले तर २,०००. सहाशेचे हजार झाले, म्हणजे धावपटू दुप्पटसुद्धा झाले नाहीत, पण शिल्लक पाचपट झाली. आयोजक शेवटच्या आठवड्यात 'अजून नोंदणी करा' म्हणून एवढे का मागे लागतात, त्याचं कारण या हिशेबात आहे. उशिरा आलेला धावपटूच खरा देणगीदार असतो, असं गमतीने म्हणता येईल.

याच गणितात आणखी दोन बदल करून बघा. समजा एका प्रायोजकाने स्थिर खर्चाचे २,००० उचलले. आता पहिल्या धावपटूपासून ४ शिल्लक, आणि सहाशे जणांचे झाले २,४००. आधी होते ४००. किंवा समजा प्रायोजक नाहीच, पण आयोजकांनी टी-शर्ट देणं बंद केलं आणि माणशी ३ वाचवले. मग माणशी ७ उरले, सहाशे जणांचे ४,२००, त्यातून स्थिर खर्च वजा जाता २,२००. एका टी-शर्टाने संस्थेच्या हिश्श्यात साडेपाच पटींचा फरक पडला! माझ्या कपाटात अशा शर्यतींच्या टी-शर्टांची एक चळतच आहे, आणि हे गणित कळल्यापासून तिच्याकडे बघवत नाही. काही शर्यतींमध्ये आता नोंदणी करतानाच 'टी-शर्ट नको, त्याचे पैसे संस्थेला द्या' असा पर्याय असतो. जिथे असेल तिथे तो निवडावा, एवढंच म्हणेन.

खर्च जवळपास शून्यावर आणता येतो का? येतो, पण मग शर्यतीचं रूपच बदलतं. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी पॉल सिंटन-ह्यूइट यांनी १३ धावपटूंना घेऊन दर शनिवारची पाच किलोमीटरची धाव सुरू केली. हीच पुढे 'पार्करन' म्हणून देशोदेशी पसरली. रस्ता बंद करायचा नाही, बागेतच धावायचं, पदक नाही, टी-शर्ट नाही, वेळ टिपायला स्वयंसेवक. त्यामुळे शुल्कही नाही. पण बागेच्या वाटा झिजतात, त्याचं काय? २०१६ मध्ये ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्ड इथल्या स्थानिक परिषदेने नेमका हाच मुद्दा काढला आणि धावेसाठी पैसे मागायचं ठरवलं. तिथली धाव त्यावर बंदच पडली. कोण बरोबर होतं, यावर तेव्हा तिथे मोठा वाद झाला. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की 'फुकट' धावेचा खर्चही कुणीतरी उचलत असतं.

शुल्क म्हणजे देणगी नव्हे

कायदाही शुल्काकडे याच नजरेने बघतो. ब्रिटनमध्ये 'गिफ्ट एड' नावाची सोय आहे. करदात्याने एखाद्या धर्मादाय संस्थेला १ पौंड दिला, तर संस्था सरकारकडून त्यावर आणखी २५ पेन्स मागून घेऊ शकते. धावपटूला त्याच्या मित्राने दिलेल्या देणगीवर हे मिळतं. शर्यतीच्या प्रवेशशुल्कावर मात्र सहसा मिळत नाही. कारण शुल्काच्या बदल्यात तुम्हाला धावायला मिळालं, पदक मिळालं, म्हणजे तो व्यवहार झाला. अमेरिकेत तर ७५ डॉलरहून जास्त रक्कम देऊन तुम्हाला बदल्यात काही मिळालं असेल, तर त्या वस्तूची किंवा सेवेची अंदाजे किंमत किती होती हे संस्थेने लेखी कळवावं लागतं. त्या किमतीच्या वर जे दिलं, तेवढीच देणगी.

हे डोक्यात पक्कं झालं की अशा शर्यतींची जाहिरात वाचायची सवय बदलते. 'सर्व उत्पन्न संस्थेला' आणि 'खर्च वजा जाता उरलेलं सर्व संस्थेला' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यामागे खर्च उचलणारा प्रायोजक असावाच लागतो, नाहीतर ते खोटं ठरेल. दुसरं वाक्य प्रामाणिक आहे, पण त्यातला 'उरलेलं' हा शब्द शून्यापासून कितीही असू शकतो. तिसरा एक प्रकार आहे, 'संस्थेच्या मदतीसाठी' एवढंच लिहायचं आणि आकडा लिहायचाच नाही. तो वाचला की मी तरी दोन प्रश्न जास्त विचारतो. ब्रिटनमध्ये १९९२ च्या धर्मादाय कायद्याने यावर बंधन आणलं: नफ्यासाठी काम करणारी कंपनी एखाद्या संस्थेच्या नावाने माल किंवा सेवा विकणार असेल, तर संस्थेशी लेखी करार हवा आणि संस्थेला नेमकं किती मिळणार हे ग्राहकाला सांगायला हवं.

खरा पैसा दुसऱ्या वाटेने येतो

शुल्कातून एवढं थोडं उरत असेल, तर मोठी रक्कम कुठून जमते? धावपटूने आपल्या ओळखीच्या माणसांकडून मागून आणलेल्या देणग्यांमधून. आपल्या सहाशे धावपटूंपैकी फक्त शंभर जणांनी आप्त, शेजारी, सहकारी यांच्याकडून माणशी ५० गोळा केले, तरी ५,००० होतात. वर टी-शर्ट कापून, प्रायोजक शोधून जे काही वाचवलं, त्यातल्या कुठल्याही एका उपायाहून हे जास्त. आणि या पैशाला खर्चाची कात्री जवळपास लागत नाही. ऑनलाइन देणगीवर कार्डाचं शुल्क कापलं जातं, काही संकेतस्थळं वर 'आम्हालाही थोडी टिप द्या' म्हणतात. ती टिप ऐच्छिक असते, फक्त खिडकीत ती आधीच भरून ठेवलेली असते, तेवढं बघून घ्यावं.

या वाटेचं सगळ्यात मोठं उदाहरण कॅनडात घडलं. टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय हाडांच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो सेंट जॉन्स इथून कृत्रिम पायावर देश पार करायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. उद्देश कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा उभा करण्याचा, आणि मागणं एकच: प्रत्येक कॅनेडियन माणसाने एक डॉलर द्यावा. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं. कर्करोग फुप्फुसात पोचला होता. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलर जमले होते. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण तेवढीच होती. म्हणजे माणशी एक डॉलर खरोखर झाला. २८ जून १९८१ रोजी टेरी वारला, वय २२. त्याच सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाची पहिली वार्षिक धाव झाली. तीन लाखांहून अधिक लोक आले, ३५ लाख डॉलर जमले.

या धावेची घडण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. प्रवेशशुल्क नाही, स्पर्धा नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. आणि आपल्या धावेचा कुणी जाहिरातीसाठी वापर करू नये, असा टेरीचाच आग्रह होता. खर्चाची बाजू जितकी छाटता येईल तितकी छाटली आणि सगळा भर देणगीवर ठेवला. सगळ्यांना हे जमणार नाही. त्याच्यासारखी कहाणी पाठीशी असेल तरच लोक पदकाशिवाय येतात.

दुसरं टोक अमेरिकेतलं. १९८८ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, आजारी असलेल्या एका मुलीच्या वडिलांनी ३८ धावपटू जमवले. सगळे न्यूयॉर्क मॅरेथॉन धावले आणि ल्युकेमियावर काम करणाऱ्या संस्थेसाठी ३ लाख २२ हजार डॉलर घेऊन आले. माणशी जवळजवळ साडेआठ हजार डॉलर! त्यातून पुढे 'टीम इन ट्रेनिंग' हा कार्यक्रम उभा राहिला. आता याच्या शेजारी लंडनची 'रेस फॉर लाइफ' ठेवा. १९९४ मध्ये बॅटरसी पार्कात ६८० स्त्रिया कर्करोग संशोधनासाठी धावल्या, ४८ हजार पौंड जमले. माणशी ७० पौंड. पहिल्या प्रकारात थोडी माणसं, प्रत्येकाकडून फार मोठं काम, महिनोन् महिने सराव आणि महिनोन् महिने मागणं. दुसऱ्यात पुष्कळ माणसं, प्रत्येकाकडून झेपेल तेवढं. छोट्या गावातल्या संस्थेला मला वाटतं दुसरा प्रकार जास्त मानवतो. कारण साडेआठ हजार उभे करू शकणाऱ्या ओळखी सगळ्यांच्या नसतात आणि त्या अपेक्षेने माणसं नोंदणीच करत नाहीत.

मोठ्या शर्यतींनी यातून एक वेगळीच यंत्रणा काढली: जागेची टंचाई. लंडन मॅरेथॉन क्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली यांनी १९८१ मध्ये सुरू केली. थोड्याच वर्षांत धावायला मिळावं म्हणून सोडत काढावी लागेल इतकी मागणी वाढली. १९९३ मध्ये तिथे 'गोल्डन बॉण्ड' योजना आली. संस्था शर्यतीतल्या काही जागा विकत घेते, आणि ज्याला सोडतीत जागा मिळाली नाही अशा धावपटूला ती जागा देते. अट एकच, इतकी इतकी रक्कम जमवून आण. बॉस्टनमध्ये १९८९ पासून असाच कार्यक्रम आहे. तिथे वेगाची पात्रता गाठू न शकणाऱ्यांनाही संस्थेच्या जागेवरून धावता येतं. लंडनच्या धावपटूंनी सुरुवातीपासून आजवर १ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम उभी केली आहे. आणि हा झाला धावपटूंनी वेगवेगळ्या संस्थांसाठी आणलेला पैसा. शर्यतीच्या कारभारातून उरणारी शिल्लक वेगळी. ती शर्यतीच्याच धर्मादाय न्यासाकडे जाते आणि लोकांना खेळायला, धावायला जागा मिळाव्यात यासाठी वापरली जाते.

या योजनेत जोखीम कुणाची, हे मात्र कुणी ठळकपणे सांगत नाही. जागेचे पैसे संस्थेने आधी मोजलेले असतात. धावपटू सरावात पाय मुरगळून बसला, किंवा त्याने ठरलेली रक्कम आणलीच नाही, तर काही ठिकाणी उरलेली रक्कम त्याच्या कार्डातून कापली जाते आणि काही ठिकाणी संस्था हात चोळत बसते. मोठ्या संस्थेला हे पचतं. दोन-तीन माणसांवर चालणाऱ्या संस्थेने दहा जागा घेऊन चार रिकाम्या राहिल्या, तर तिचं वर्षाचं गणित कोलमडतं.

माणूस धावला म्हणून मी पैसे का द्यावेत?

हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. मित्र दहा किलोमीटर धावणार, त्याने संस्थेतल्या कुणाचंही पोट भरणार नाही. तो धावला नाही म्हणून संस्थेची गरजही कमी होणार नाही. मग तो धावतोय म्हणून मी का देतो? आणि त्याला संस्थेची एवढी कळकळ असेल, तर तो गुपचूप स्वतःचे पैसे देऊन घरी का बसत नाही?

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर ऑलिव्होला आणि एल्डर शाफिर यांनी २०१३ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एखाद्या कामासाठी कष्ट आणि वेदना सोसाव्या लागणार असतील, तर लोक त्या कामाला उलट जास्त पैसे द्यायला तयार होतात, असं त्यांना दिसलं. सोसल्याने कामाला अर्थ येतो, असं आपल्याला वाटतं. शहाणपणाच्या हिशेबात हे बसत नाही, पण उपास, अनवाणी पदयात्रा, नवस यांचं तर्कशास्त्र माहीत असलेल्या कुणालाही त्यात नवल वाटू नये.

दुसरी गोष्ट साध्या लाजेची, किंवा चांगल्या शब्दांत सांगायचं तर, अंदाजाची. किती द्यावं हे देणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो आधीच्यांनी किती दिले ते बघतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी २०१० च्या लंडन मॅरेथॉनमधल्या धावपटूंची ऑनलाइन देणगीची पानं तपासली. पानावरच्या आधीच्या देणग्यांची सरासरी १० पौंडांनी वाढली, की पुढे येणारा माणूस सुमारे अडीच पौंड जास्त देत होता. यातून निधी जमवणाऱ्यांनी घ्यायचा धडा अगदी व्यवहारी आहे. पान सगळ्यांना पाठवण्याआधी दोन-तीन जवळच्या, हात सैल असलेल्या माणसांकडून सुरुवात करून घ्यायची. भोवऱ्याला पहिली दोरी नीट बसली की तो फिरत राहतो.

याची दुसरी बाजूही आहे. दरवर्षी त्याच वीस मित्रांपुढे हात पसरले की तिसऱ्या वर्षी ते फोन उचलेनासे होतात. शिवाय या शर्यतीला दिले म्हणून त्यांनी दुसरीकडे द्यायचे ते दिले नाहीत, असंही होतं. तेव्हा शर्यतीतून जमलेली रक्कम म्हणजे समाजात नव्याने उगवलेला पैसा, असं समजू नये. त्यातला काही भाग फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला असतो.

मोकळा पैसा आणि बांधलेला पैसा

आता संस्थेच्या बाजूने बघू. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

छोट्या संस्थेला मिळणारा बराचसा निधी बांधलेला असतो. अमुक प्रकल्पासाठी, अमुक मुलांसाठी, अमुक तारखेपर्यंत. शंभर मुलांच्या वह्यांसाठी आलेले पैसे वह्यांवरच खर्च करायचे. पण त्या वह्या वाटणाऱ्या बाईंचा पगार, जिथे त्या बसतात त्या खोलीचं भाडं, वीजबिल, गळणारं छप्पर, हिशेबनिसाची फी, यांना पैसे द्यायला कुणी उत्सुक नसतं. देणगीदाराला छपराच्या पत्र्याबरोबर फोटो काढून घ्यायचा नसतो. परिणाम असा होतो, की संस्थेच्या खात्यात रक्कम दिसते आणि तरी महिनाअखेरीला पगाराची ओढाताण असते. बाहेरच्याला हे कोडं वाटतं. आतल्याला ते रोजचं आहे.

गावच्या शर्यतीतून येणारा पैसा सहसा मोकळा असतो. 'तुमच्या कामासाठी' एवढंच म्हणून दिलेला. तो छपराला लावता येतो, पगाराला लावता येतो, किंवा अडीअडचणीसाठी नुसता बाजूला ठेवता येतो. म्हणून बांधलेल्या शंभरापेक्षा मोकळे पन्नास संस्थेला जास्त मोलाचे वाटू शकतात. शर्यतीच्या आयोजकांनाही हे पुष्कळदा माहीत नसतं. मग हौसेने ते धनादेशाची मोठी प्रतिकृती बनवतात आणि वर लिहितात, 'चाकाच्या खुर्च्यांसाठी'. एका ओळीने मोकळा पैसा बांधला जातो. संस्थेला यंदा खुर्च्या नको होत्या, खुर्च्या दुरुस्त करणारा माणूस हवा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळख. राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थेला जाहिरात करता येते. चार गल्ल्यांपलीकडे ज्येष्ठांसाठी दुपारचं केंद्र चालवणाऱ्या संस्थेचं नाव तिच्या शेजाऱ्यांनासुद्धा माहीत नसतं. शर्यतीच्या सकाळी तिच्या नावाचा फलक हजार माणसांनी वाचला, त्यातल्या पाच जणांनी येऊन चौकशी केली, एकजण दर गुरुवारी यायला लागला, तर त्याची किंमत कुठल्या ताळेबंदात येत नाही. मात्र हे आपोआप होत नाही. शर्यत संपल्यावर देणगीदारांना आभाराचं पत्र आणि 'आमच्याकडे बघायला या' असं निमंत्रण संस्थेलाच पाठवावं लागतं. त्यासाठी देणगीदारांची नावं, त्यांच्या परवानगीने, आयोजकांनी संस्थेला द्यावी लागतात. हा मुद्दा शर्यतीआधीच्या बैठकीत कुणी काढत नाही, आणि शर्यतीनंतर तो काढून उपयोग नसतो.

एक संस्था की आठ?

आयोजकांपुढचा हा नेहमीचा पेच. एकाच संस्थेला सगळं दिलं तर रक्कम डोळ्यांत भरते, धावपटूला एका वाक्यात सांगता येतं की आपण कशासाठी धावतोय. आठ संस्थांत वाटलं तर आठ ठिकाणचे स्वयंसेवक येतात, आठ संस्थांचे लोक नोंदणीसाठी आपापल्या माणसांच्या मागे लागतात, धावपटू वाढतात. आणि आपण वर पाहिलं, पाचशेच्या पुढे प्रत्येक धावपटू म्हणजे निव्वळ शिल्लक. पण ती शिल्लक आठ जणांत वाटली की प्रत्येकाच्या हाती येते ती रक्कम अर्ज भरण्याच्या आणि अहवाल लिहिण्याच्या कष्टाचीसुद्धा नसते.

मधली वाट काही ठिकाणी अशी काढतात. शर्यतीची शिल्लक एक किंवा दोन संस्थांना, तीही दरवर्षी बदलून. बाकीच्या संस्थांना पाण्याची टेबलं आणि मार्गावरच्या चौक्या सांभाळायला बोलवायचं, आणि त्या कामाबद्दल संस्थेला ठरलेली रक्कम द्यायची. पंधरा जणांनी चार तास पाणी वाटलं, संस्थेच्या खात्यात इतके जमा. अमेरिकेतल्या अनेक शर्यतींत शाळांची वाद्यपथकं, स्काउटची पथकं असे पैसे मिळवतात. मला ही पद्धत फार आवडते. यात कुणापुढे हात पसरावा लागत नाही, शर्यत तोट्यात गेली तरी पाणी वाटणाऱ्याचे पैसे ठरलेले असतात, आणि आयोजकांना बाहेरून माणसं आणण्याहून ते स्वस्त पडतं.

याउलट एक पद्धत मात्र खटकते. संस्थेला 'तुम्ही लाभार्थी आहात' म्हणायचं आणि मग तिच्या चारही कर्मचाऱ्यांना महिनाभर बिबं मोजायला, पिशव्या भरायला, फलक लावायला जुंपायचं. त्या महिन्यात संस्थेचं स्वतःचं काम कोण करणार? शर्यतीतून मिळालेल्या रकमेतून त्या महिन्याचे पगार वजा करून बघितले, तर कधीकधी संस्थेनेच शर्यतीला देणगी दिली असं निघेल.

शर्यत झालीच नाही तर

पाऊस, वादळ, साथ. वादळ सँडीमुळे २०१२ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन ऐनवेळी, दोन दिवस आधी रद्द झाली. अशा वेळी खर्चाचा मोठा भाग आधीच होऊन गेलेला असतो. पदकं ओतून झालेली असतात, त्यांवर साल कोरलेलं असतं, ती पुढच्या वर्षी चालत नाहीत. धावपटूंना शुल्क परत करायचं तर आयोजक बुडतात, नाही करायचं तर लोक चिडतात. म्हणून जाणते आयोजक शिल्लकीतला काही भाग पुढच्या वर्षासाठी मागे ठेवतात. संस्थेला द्यायच्या पैशातून हे का कापता, असा प्रश्न त्यांना दरवर्षी विचारला जातो. राखीव रकमेचा आकडा आणि तिची मर्यादा उघड सांगितलेली असेल, तर मला त्यात गैर काही दिसत नाही. ती रक्कम नसेल तर एका पावसात शर्यत कायमची संपते आणि तिच्याबरोबर संस्थेचं पुढच्या सगळ्या वर्षांचं उत्पन्नही.

देणगीचं मात्र वेगळं आहे. शर्यत रद्द झाली म्हणून मित्राने दिलेली देणगी सहसा कुणी परत मागत नाही, कारण ती शर्यतीला दिलेलीच नव्हती. २०२० मध्ये साथीमुळे लंडन मॅरेथॉन एप्रिलमधून पुढे ढकलली गेली. तेव्हा तिच्या मूळ तारखेला, २६ एप्रिलला, लोकांनी मॅरेथॉनच्या २६.२ मैलांवरून २.६ किंवा २६ हा आकडा घेऊन घरच्या घरी काहीतरी करावं, असं आवाहन निघालं. कुणी २६ मिनिटं व्यायाम केला, कुणी जिन्यावर २६ फेऱ्या मारल्या. रस्ता नाही, कमान नाही, पदक नाही, आणि तरी १ कोटी १० लाख पौंडांहून अधिक जमले. नेहमीच्या वर्षाच्या मानाने ही रक्कम बरीच कमी होती. पण खर्चाच्या रकान्यात लिहायलाही फारसं काही नव्हतं.

तुमच्या भागातल्या शर्यतीत नाव नोंदवायच्या आधी आयोजकांना तीन गोष्टी विचारून बघा. मागच्या वर्षी संस्थेला प्रत्यक्ष किती रक्कम दिली आणि कोणत्या महिन्यात? स्थिर खर्च कोण उचलतं? आणि पैसे संस्थेच्या खात्यात थेट जातात की आधी आयोजकांच्या खात्यात जमतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या तोंडावर असतं, त्यांना बाकीचे दोन बहुधा विचारावेच लागत नाहीत. ते आपणहून हिशेबाचा कागद पुढे करतात, आणि वर तुमच्याच गळ्यात पाण्याच्या टेबलाची जबाबदारी टाकतात.